लेखनिक

भरमा, तू दहावीचा पेपर बोललास,
मी लिहिला. नववीतली मी.
‘काचेत शिरताना प्रकाश वाकतो,’ पंख्याकडं बघत म्हणालास,
आणि सवयीनं मी विचारलं,
शि ऱ्हस्व की दीर्घ?
किती हसलास! सुपरवायझरनं टेबलावर पट्टी आपटली.

आता कॉलेज, बेळगावला.
गर्लगुंजीहून पावणेआठची बस, पाटी कन्नडात.
आपलीच अक्षरं तुझ्यापुढं जागा बदलतात,
ती तर गरगरतील.
पण ती बस तू ओळखतोस
मागच्या चेपलेल्या पत्र्यावरून,
आरशाला लटकलेल्या सुक्या अबोलीवरून.
वाचतोसच की गा.

तो इस्पितळाच्या शिक्क्याचा कागद
काकूंनी तांदळाच्या डब्यात ठेवलाय.
पहिल्याच दिवशी ऑफिसात दे.
घडी घालून खिशात फिरवू नको सहा महिने.
क्लार्क म्हणेल, ‘इल्ली सही माडी’.
कर. वेळ लागू दे.
जादा वेळ तुझाच आहे,
कुणी पदरचा देत नाही.

यंदा माझी दहावी.
प्रकाशाचा धडा पाठ करावाच लागला नाही,
तुझ्या आवाजात येतो तो.

तिथं जी कोण लिहायला बसेल
तिला आधीच सांगून ठेव:
हा मधेच गप्प होतो,
म्हणजे विसरला नाही.
पेन खाली ठेवू नकोस.