बाकी

चाकणहून बाटली आली ती टेम्पोत, तांदळाच्या पोत्याला टेकून.
वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर मार्करने लिहिलेलं:
हवा लागू देऊ नये.
मला हसू आलं.
मंगळवेढ्याहून मी इथे आले तेव्हा
मामीने आईला नेमकं हेच बजावलं होतं,
आणि पहिल्या दिवाळीला जीन्स घालून उतरले तर
स्टँडवरच म्हणाली, "लागली गं हिला पुण्याची हवा."

पूड निओडिमियमची, लोखंडाची, चिमूटभर बोरॉनची.
चुंबक व्हायचंय तिला,
कुणाच्या तरी स्कूटरच्या मोटारीत गरगरायचंय.
दिसते राखेसारखी,
पण राख होणं अजून व्हायचंय.
मागे एकदा कणभर सांडली टिपकागदावर,
आणि कडेकडेने लाल होत गेली.
काडी नाही, ठिणगी नाही,
पाषाणची साधी सकाळची हवा,
जिच्यात आम्ही डबे उघडून बसतो.

पेटीचे काळे हातमोजे आर्गॉनच्या दाबाने
बाहेर फुगून उभे असतात,
कुणीतरी आतून उचलून घे म्हणतंय तसे.
अंगठी काढते. बांगडी काढते.
कोपरांपर्यंत आत.
मोजे पुरुषी मापाचे, बोटं टोकापर्यंत पोचत नाहीत,
इंचभर रिकाम्या रबराने चिमटा धरते.
पूड चमच्याला सोडत नाही,
काट्याचा शेवटचा आकडा जागेवर राहत नाही.
तेरणीकर सर म्हणायचे, "श्वास सोड, मग वाच."
श्वास तर काचेच्या अलीकडे,
काट्याला त्याचं काय?
तरी सोडते. तरी थांबतो.

मग आम्ल. प्लास्टिकच्या पेल्यात,
कारण काचेतूनही बोरॉन पाझरतो
आणि आपल्याला वाटतं, पुडीतच होता.
मग ज्वाला, मग रेषा, मग पडद्यावर:
निओडिमियम तीस पूर्णांक नऊ.
बोरॉन एक.
लोखंडापुढे कारखान्याच्या दाखल्यात आकडा नाही,
एकच शब्द आहे: बाकी.
सगळेच तसं लिहितात.
उरेल ते लोखंड. कोण मोजतंय?

मी मोजलं.
गुरुवार होता, वीज जायच्या आत संपवायचं होतं,
तरी तीनदा मोजलं.
अडुसष्ट पूर्णांक एक हवं होतं,
भरलं सहासष्ट पूर्णांक चार.

आई रोज रात्री विचारते, "बाकी काय?"
मी म्हणते, "बाकी ठीक."
त्या ठीकमध्ये काय काय घालून पाठवलंय मी इतकी वर्षं,
आणि तिनेही कधी विरघळवून पाहिलं नाही.

रोहिदास लांडगेंना फोन केला.
"मॅडम, शंभर करून द्या ना, पार्टी थांबलीय."
मी विचारलं, बाटली कुठे उघडली होती का?
पलीकडे मशीनचा आवाज,
मग जरा वेळाने, पोरासारखं,
"एकदाच. बघायला. खरंच आलीय का आत.
लगेच लावलं झाकण."

खरं सांगायचं तर मीही उघडली असती.
एवढा पैसा भरून मागवलेली वस्तू
न बघता कोण ठेवतं?

शुक्रवारी ग्रॅफाइटच्या मुशीत टाकून तापवली,
पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवली मूस,
तेव्हा कुठे पुडीने गिळलेली हवा ओकली:
ऑक्सिजन, एक पूर्णांक पाच.
चाकणची हवा असेल. डिझेलची, ओल्या पत्र्याची,
रोहिदासच्या वाकून बघण्याची.

बेरीज नव्व्याण्णव पूर्णांक आठ.
दोन दशांश अजून सापडत नाहीत.
काट्यात असतील, आम्लात असतील,
माझ्या हातमोज्यातल्या त्या रिकाम्या इंचात असतील.

अहवालात लोखंडापुढे आकडा लिहिला.
ऑक्सिजनला वेगळी ओळ दिली.
खाली, बेरजेशेजारी, शंभर केलं नाही.

रात्री फोन आला. "बाकी काय?"
श्वास सोडला.
म्हटलं, "थांब, सांगते. वेळ आहे ना तुला?"