इतिवृत्तात न लिहिलेलं

मालक चारशे बारा.
हजर एकतीस,
आणि ब्रिस्बेनहून फोनवर दोघं, तेही कापत कापत.
मेलेले किती, याला कागदावर रकाना नाही.
पारेकुरामावशी तरी सगळी नावं वाचते,
आणि जे गेले त्यांच्या नावाला
कुणी खोकतं, कुणी खुर्ची सरकवतं.
माझा हिस्सा मी एकदा मोजून पाहिला होता:
एका दाराएवढा. चौकट सोडून.

भिंतीवर कौन्सिलचा नकाशा.
बारा घरं, बारा गॅरेज, बारा कुंपणं,
सगळ्या घरांची तोंडं रस्त्याकडे,
जणू रस्ताच कधीतरी जेवायला येणार आहे.
रेवेती म्हणाला, आधी कुंपणं काढा.
मग कुत्र्यांवर अर्धा तास गेला.
(कुत्रे: विषय पुढच्या बैठकीत.)

शेवटी मावशीने नकाशा उतरवला,
आणि मराएच्या सभाघरात, फळ्यांच्या जमिनीवर,
आम्ही खडूने नदी काढली.
तामाहाऊ काठी टेकत आला, नदीत उभा राहिला.
"इथं नाही. ती इथून येते,"
आणि मोज्यानेच पुसत पुसत
त्याने तिला घेऊन जायचं तिथवर नेलं.
सात घरं पाण्यात गेली,
अजून एक खिळा ठोकायच्या आत.
शहरातून आलेली इंजिनियर मुलगी हळूच म्हणाली,
असा पूर शंभर वर्षांतून एकदा.
"मी तीन पाहिले," तामाहाऊ म्हणाला,
"म्हणजे माझं वय तूच मांड."
ती हसली, आणि तिने पेन्सिल खाली ठेवली.
तेव्हापासून ती मला आवडायला लागली.

कोरडी जागा एकच, वरची.
ती आम्ही कधीच देऊन बसलोय, आमच्या मेलेल्यांना.
त्यांच्या शेजारी राहायचं?
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग मावशी: "शेजार चांगला आहे.
रात्री दोन वाजता गाणी लावत नाहीत."
पण तिथून परतताना हातांवर पाणी घ्यायचं असतं,
पोरं खेळता खेळता विसरतील,
म्हणून पहिली खूण घराची पडली नाही.
पडली नळाची, फाटकापाशी.
मग नळापासून पावलं मोजत घरं.
तोंडं नदीकडे: चिडलेली कळायला हवी.
चुली मात्र एकमेकींकडे.

हामी मागे उभा होता.
तीन पोरं आणि एक कॅराव्हॅन, तीन हिवाळे.
त्याने बँकेचं पत्र वाचून दाखवलं:
चारशे बारा जणांच्या जमिनीवर
हप्ता चुकला तर आम्ही जप्त काय करायचं?
रेवेतीने उत्तर दिलं, ते मी लिहिलेलं नाही.
तोवर हामीच्या धाकटीने
एक ओला मोजा काढून चौथ्या चौकोनात ठेवला.
कुणी उचलला नाही.

ठराव मांडणार, तेवढ्यात फोन.
ऑकलंडच्या इस्पितळात एरुएरा गेला.
उद्या दहापर्यंत आणतील.
मावशी उठली. चहाची भांडी, बटाटे, चादरी,
कोण कुठून येणार, कोणाला कोण आणणार.
मी बादली भरली, पोछा पिळला,
आणि नदीशी येऊन थांबले.
"राहू दे," ती म्हणाली, "वर गाद्याच पडणार आहेत."

त्या रात्री सत्तर माणसं
आमच्या घरांवर झोपली.
तौरांगाचे चुलतभाऊ सातव्यात,
मधल्या वाटेवर कुणाची तरी आजी, घोरत.
हामीची पोरं चौथ्यात, एका कुशीला तिघं.
पुराच्या जागेत कोणीच गादी टाकली नाही.
मी पुन्हा पुन्हा पाहिलं. कोणाला सांगितलेलं नव्हतं.

एरुएराला यादीतून कोणी वजा करणार नाही.
त्याला पाच मुलं.
नावं लागतील तेव्हा लागतील.
वर खड्डा खणायला रेवेती पहाटेच गेला;
येताना त्याने हात कुठे धुतले
ते विचारायचं राहून गेलं.

नळ अजून फक्त खडूचा आहे.