नॉर्मल

फोनवर बाबा विचारतात, आज काय केलंस?
म्हणते, रेंडर लावून आले.
खूश होतात.
चाळीस वर्षं त्यांनीही तेच केलं,
डंडीपासून आर्ब्रोथपर्यंत
खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेल्या भिंतींना
चुन्या-वाळूचा रेंडर.
म्हणतात, वाळायला वेळ दे, इशबेल. घाई केलीस की तडे.
मी म्हणते, एका फ्रेमला अकरा मिनिटं देतेय.
अकरा?
अकरा मिनिटांत थापी भिजत नाही गं.

आमचं ऑफिस म्हणजे जुनी तागाची गिरणी,
खिडकीतून टे नदी, तिच्यावर रेल्वेचा पूल.
मी एक म्हातारा घडवतेय, खेळातला.
आधी मेश, म्हणजे नुसतं जाळं.
(आमच्या गल्लीतला फिनले म्हणायचा,
जाळं म्हणजे दोरीनं बांधलेली भोकं.
तो मासेमारीबद्दल बोलत होता.)
मग हाडं घातली, हाडांवर कातडी ताणली,
कुठल्या हाडाला किती कातडी, त्याचे आकडे भरले.
खांदा उचलला की काखेत चुरगळायचा बिचारा.
दोन दिवस त्या काखेत गेले.

स्कॅन झाला त्या संध्याकाळी
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाकी सगळं नॉर्मल आहे.
बाबांचा डावा गाल
ओल्या गिलाव्यासारखा खाली घसरलेला.
मी मान डोलावली.
आमच्यात नॉर्मल म्हणजे पृष्ठभागावर ताठ उभी एक रेघ,
दिसत नाही,
पण उजेडाला तीच सांगते, मी या बाजूला आहे.
ती उलटली की माणूस आत वळतो.
बाहेरून पाहावं तर तिथं काहीच नसतं.

बाबा आता भिंतीकडे तोंड करून बसतात.
रविवारी विचारलं त्यांनी, अर्ध्या तोंडानं,
कलिंग म्हणजे काय? फोनवर बोलत होतीस.
त्यांना माहीत होता तो ग्लेन आयलातल्या चुलतभावाचा कलिंग:
शरद संपता संपता कळपातल्या थकलेल्या मेंढ्या
एका बाजूला घेतात, गाडी येते.
म्हटलं, तसं नाही बाबा.
त्यांच्यात जी दुबळी, ती काढतात.
आमच्यात जे पाठमोरं, ते काढत नाहीत.
वेळ वाचतो मशीनचा.
बराच वेळ ते गप्प.
मग उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांनी
समोरच्या भिंतीवर ठोकलं. टक. टक. टप.
इथं पोकळ बोलतेय, म्हणाले.
इथं सुटलाय.

एकदा त्यांना गिरणीत घेऊन आले,
लिफ्टनं, काठीसकट.
माझ्या पडद्यावर त्या म्हाताऱ्यामागची भिंत होती,
तीन आठवड्यांचं काम,
चुना, ओल, शेवाळ, सगळा पोत.
सगळे म्हणाले होते, वा.
बाबा वाकले. चष्मा वर केला.
बोट ठेवलं: इथं, इथं आणि परत इथं.
तोच डाग. तिसऱ्यांदा.
हे कुठल्या माणसाच्या हाताचं नाही.

मग काय करायचं?

काठी माझ्याकडे दिली.
हवेतच थापी मारून दाखवली, खालून वर,
एक, दोन,
तिसऱ्याला कोपर जरा खाली आलं.
इथं हात दमतो, म्हणाले.
दमलेला दाखव.

आमच्याकडे त्याला नॉइझ म्हणतात.
बाबांना सांगितलं असतं तर
त्यांनी कान पुढे केला असता.
सांगितलं नाही.
सगळे घरी गेल्यावर परत बसले,
भिंतीला थोडा दमलेला हात दिला,
आणि म्हाताऱ्याच्या कोटापाशी
दोन्ही बाजू दाखवायची खूण केली.
मशीनला दुप्पट काम. फ्रेमला बावीस मिनिटं.

रात्री फोन आला.
वाळला का?
म्हटलं, नाही अजून.
बरं, म्हणाले. हात लावू नकोस.