वारसाचा रकाना

दर दहा तारखेला
अनसूया धुर्वेच्या ओट्यावर मी पासबुक उघडते.
तीनशे रुपये.
तेंदूपत्त्याच्या दिवसांत नोटा कोऱ्या,
श्रावणात चुरगळलेल्या, सांबाराच्या वासाच्या.

"बाई, हे वाढते तरी कई?"
"विरजण लावलं की भांडं हालवू नये, मावशी."

मधे नागपूरहून भाचा आला,
सहा महिन्यांत दामदुप्पट सांगत.
तिनं एवढंच विचारलं,
"तुहे झाले का?"
तो चपलेचा अंगठा बघत बसला.

साठ हप्ते. एकच चुकला,
नवरा गेला त्या महिन्याचा.
दंड तिनं न विचारता मोजून दिला.

आज मुदत भरली. नवं खातं.
वारसाच्या रकान्याशी माझा पेन थांबला.
"मागचंच नाव लिव."
"मावशी, ते तर..."
"मालूम हाय मले."

मी नियम सांगितला. मग व्याजाचा दर,
जो तिनं विचारलाच नव्हता.
ती चुलीकडे गेली. तीन कप मांडले.
दोन भरले.
तिसरा कितीतरी वेळ तसाच.

मग सुनेला हाक मारली,
"चहा घे वं.
अन् येताना तुहं आधार आण."