शिशाचा पाळणा

फॉर्म कानडीत, रिपोर्ट इंग्रजीत येणार,
आणि मधल्या बाकावर आम्ही दोघं मराठीत गप्प.
"मष्णू निंगोजी हुंदरे" अशी हाक आली
तेव्हा अनशीनं माझ्याकडं बघितलं.
सात वर्षांत पहिल्यांदाच दवाखान्यात
तिच्याऐवजी माझं नाव घेतलं होतं.

झाकणाची एक डबी. एक खोली, कडी मोडकी.
बाहेर नळावर कुणी बाई बादली भरत होती.
मी पायानं दार दाबून धरलं
आणि द्यायचं ते दिलं, मान खाली घालून,
हजेरीला अंगठा द्यावा तसं.

तोवर तिच्या नळ्या दोनदा तपासून झालेल्या.
रक्त, फोटो, वाटीभर कडू काढे,
आईनं धरायला लावलेले मंगळवार,
शेजारच्या बारशाला न आलेलं बोलावणं.
मी काय, मी पुरुष. उद्यमबागेत कामाला.
जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, जाळ्या काढायच्या,
कढईत शिसं वितळवून साच्यात ओतायचं.
धूर गोड लागतो. खरंच.
विडीला तीच गोडी, डब्यातल्या भाकरीला तीच.

डॉक्टरांनी कागद उलटसुलट बघितला.
फार थोडे आहेत, म्हणाले,
आहेत त्यातले बरेच वाकडे, जागचे हलत नाहीत.
मग पेन खाली ठेवून: "काम काय करता?"

हे कुणी विचारलंच नव्हतं.

काम सोडा, म्हणाले, कदाचित सुधारेल,
पण हाडात बसतं ते, निघायला वेळ घेतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुटीत
मी मनात बोटं मोजत बसलो.
भट्टीवरचा भरमाण्णा, लग्नाला अकरा वर्षं.
इस्माईलची बायको तीनदा रिकामी झाली.
साच्यावरचा बसू म्हणतो, देवाची मर्जी.
काचेआड बसणाऱ्या हिशेबनिसाला मात्र जुळं.
विचारायचं कसं?
पुरुष पगाराचं विचारतो, मॅचचं विचारतो.
"भरमाण्णा, तू तपासून घेतलास काय कधी?"
"कसलं बे?" म्हणत तो उठला
आणि धुतलेली बशी परत धुवायला लागला.

एक सांगायचं राहिलंय.
तीन वर्षांखाली आई म्हणाली होती,
नवसाचा पाळणा वाहूया,
चांदीचा कुठला परवडतोय,
तुज्याकडं धातू हाय की गा.
सुटी झाल्यावर मी मागं थांबलो,
वाळूत काड्यापेटीचा ठसा उठवला, शिसं ओतलं,
कानशीनं कडा घासल्या, दोरीला भोकं पाडली,
फुंकर मारली. कीस तोंडावरच आला.
छान झाला होता. हातावर घेतला की
एवढ्याशा वस्तूचं केवढं वजन.
रात्रभर तो अनशीच्या उशाशी होता.
अमावस्येला देवळामागच्या झाडाला बांधला.

रिपोर्ट आला त्या रात्री ती बोलली नाही.
उजाडायच्या आत जाऊन
पाळणा सोडून आणला, परसात दगडावर ठेवला,
साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले,
मग माझ्या हातांवर पाणी ओतलं, तांब्यामागून तांब्या.

कागद तिनं आईपुढं ठेवला.
"काय लिवलंय गे त्यात?"
"मला कुठलं इंग्रजी येतंय, आत्या," अनशी म्हणाली,
"पण माझं नाव नाही ह्यात. तेवढं शोधलंय मी."

साडेसातच्या पाळीला मी निघालो, महिना भरायचा होता.
आज डबा तिनं दोन पिशव्यांत गुंडाळला
आणि वर गाठ मारली, घट्ट.