बरी

सोहारच्या कोर्टात मी सतरा वर्षं दुभाषी आहे.
पैसे शब्दांवर नाही, तासांवर मिळतात.
त्या दिवशी पाऊण तास भरला.

न्यायाधीशांनी त्रेचाळीस पानं वाचली,
मधे दोनदा पाणी प्यायले,
आणि शेवटी म्हणाले, बरीआ.
माझ्या बाकावर मेलेल्यांपैकी तिघांचे नातेवाईक,
जयेंद्र भुवडचा खोलीतला सोबती,
सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.
भाषांतर करायला काही उरलंच नव्हतं.
हा शब्द आमच्या तालुक्याच्या कोर्टात
कधीचा मुक्कामाला आहे,
आला असेल एखाद्या गलबतातून, खजुराच्या पोत्यांसोबत.
इकडेही कंपनी बाईच, तिकडेही बाईच.
मी म्हटलं, बरी.
कंपनी बरी झाली.

इथे मोर्चा निघत नाही.
इथे माणूस चिडतो तो गाडीच्या काचा वर करून.
दाद करीमच्या सलूनमध्ये
वस्तरा एका गालावर थांबला, आणि फेस वाळला.
मासळीच्या लिलावात
मला कधी नावानं न विचारणारा म्हातारा
सुरमईवरचा हात काढून एवढंच म्हणाला, लेश?
का?
शाळेतल्या सिसिली टीचर पाव घेता घेता हळूच,
'तुम्ही नीट ऐकलंत ना?'
जणू अरबी आणि माझ्यामध्ये कुठेतरी
पायरी चुकून सात माणसं पडली.

त्यांचा निकाल मार्चमध्येच लागला होता.
टाकीच्या तोंडाशी सात जोड बूट,
ओळीत, नाड्या आत खोचलेल्या,
फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरला त्या रात्री.
बुटांची उलटतपासणी होत नाही.

मी ती त्रेचाळीस पानं घरी नेऊन पुन्हा वाचली.
पोरं झोपल्यावर, स्वयंपाकघरात, चष्मा लावून.
चूक शोधत होते, खरं सांगते, एखादी तरी.
आत हवा तपासल्याची पावती होती, वेळ सहा दहा.
दोरी धरायला माणूस नेमल्याची नोंद होती.
खाली मुकादमाची सही,
आणि मुकादम त्या सातांतलाच एक.
झाकणाबद्दल दोन ओळी,
त्याही कर्मणीत:
झाकण लावले गेले.
कागद स्वच्छ होते.
टाकीपेक्षा कितीतरी स्वच्छ.
न्यायाधीशांच्या जागी मी असते तर
काय म्हणाले असते, हे मला कुणी विचारलं नाही.
बरं झालं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी लोक ऑफिसात आले.
'ताई, तक्रार लिहून द्या.'
इकडच्या भाषेत तकरार म्हणजे
तेच पुन्हा, पुन्हा तेच.
मी लिहून दिली. तीन प्रतींत.
शिक्क्याचे पैसे दाद करीमने भरले,
ज्याचं त्या सातांत कुणीही नव्हतं.

पालशेतला फोन मात्र कुणी लावेना.
सोबती म्हणाला, 'तुमीच सांगा, तुमचं बोलणं तिकडचंच.'
तर मी लावला.
शेवंतीबाईंनी उचलला, आधी माझ्या पोरांची चौकशी केली,
मग गप्प झाल्या.
मी कोर्टाचेच शब्द वापरले.
सवय आहे, आणि दुसरे सापडत नव्हते.
म्हटलं, 'निकाल लागला, कंपनी बरी झाली.'

'बरी झाली?
हमीदाबाय, ती आजारी व्हती काय?'

मी काहीच बोलले नाही.
त्या थोड्या वेळाने म्हणाल्या,
'बरी झाली ना, बरां झाला.
मंग आता बोलंल ती.
इचार तिला,
झाकन कुनी लावलंन?'

पाठीमागे त्यांच्या अंगणात
कुणीतरी पाणी ओढत होतं,
रहाट वंगण मागत होता.
मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.