शिवणीतली माया

मिस्टर प्रिचर्ड कागदावर माझं पोट काढतात.
हात चांगला आहे माणसाचा,
एका रेषेत, पेन न उचलता.
बाजूला आकडा : एकतीस पूर्णांक आठ.
"दुसऱ्या कुणाला कदाचित परत पाठवलं असतं," म्हणतात,
"पण तुमच्याकडच्या लोकांसाठी रेघ थोडी खाली आहे.
तुमची चरबी दिसत नाही, आत बसते,
यकृताभोवती."

आमच्याकडचे लोक.
आई आठवली, इचलकरंजीत
मागांच्या खडखडाटात कांड्या भरणारी.
पोटाला चिमटा घेऊन तिने आम्हाला वाढवलं.
मी जन्मले तेव्हा पावणेदोन किलोची.
त्या चिमट्याचा वळ
पन्नास वर्षांनी स्विंडनमध्ये
रक्तातल्या साखरेत उमटेल,
हे तिला कुणी सांगितलं नाही. बरंच झालं.

कुंदावन्सं फोनवर हसल्या :
"तू कुठे गं जाड? आमची शेजारीण बघ."
नवरा म्हणाला, रोज चालायला जाऊ.
गेलो. अकरा दिवस. मग त्याचा गुडघा.
इन्सुलिन तेवढं चालत राहिलं माझ्यासोबत,
चौदावरून बावीस, बावीसवरून चाळीस युनिट.
लोकांना दुखणं दिसायला लागतं,
निदान खुर्चीत न मावण्याइतकं.

तर दोन रस्ते.
पहिला स्लीव्ह. म्हणजे बाही.
मला हसू आलं, त्यांना कळेना का.
मँचेस्टर रोडवर माझं आल्टरेशनचं दुकान आहे,
सत्तावीस वर्षं बाह्याच उसवते, बाह्याच लावते.
जठराची बाही करायची, केळ्याएवढी,
उरलेलं कापून बाहेर.
"बाहेर म्हणजे कुठे?"
"आधी तपासणीला. मग नष्ट."
शिवाय माझं रात्रीचं आंबट, घशाशी येणारं,
त्याने वाढू शकतं.

दुसरा बायपास.
वर अंड्याएवढी थैली, तिला आतडं जोडायचं,
अन्न वळसा घालून जाणार,
आमच्या पाच चकरांच्या त्या चौकातल्यासारखं,
जिथे वीस वर्षं गाडी चालवूनही
मी श्वास रोखून धरते.
जन्मभर गोळ्या : लोह, कॅल्शियम, बी-बारा.
गोड जास्त झालं तर दरदरून घाम.
"पण तुमच्या आकड्याला," ते म्हणाले,
"आपण वजनासाठी कापत नाही, साखरेसाठी कापतो.
आणि साखरेला हा जास्त ऐकतो."

"उरलेलं जठर?"
"ते आतच. रिकामं. रस पाझरत राहतो."

मी गप्प.
गळ्यात टेप तशीच राहिली होती,
दुकानातून थेट आले होते.
शिवताना आम्ही आतल्या बाजूला कापड सोडतो,
त्याला माया म्हणतात.
पोर अंगाने भरली, बाई बाळंत झाली,
की उसवायचं आणि मायेतून द्यायचं.
माझ्या लग्नातला हिरवा ब्लाउज
मी असाच तीनदा सैल केला.
माया कापून टाकणाऱ्या शिंपिणीकडे
गिऱ्हाईक परत येत नाही.

हे इंग्रजीत कसं सांगणार?
म्हटलं, "दुसरं करा. ते आत राहू दे."
"नंतर उसवायचं म्हणून नाही हं," त्यांनी बजावलं,
"परत जोडता येतं, सहसा कुणी जोडत नाही."
माहीत आहे.
कितीतरी कपडे माया न उलगडताच विरतात.

ऋजुताने रात्री विचारलं,
फॉर्मवर कारण काय लिहिलंस?
साखर, म्हटलं. आणि आंबट.
खोटं नाही ते.

निळ्या कुडत्याला कच्चा टाका घालून ठेवलाय,
अजून आवळला नाही.
उद्या मिसेस हॅलोरनचा कोट सैल करायचाय,
तिच्या आईने शिवलेला.
बघू, आत किती ठेवलीय.